कोलेस्टेरॉलचे औषध, अंगदुखी आणि पूरक गोळ्या

हृदयविकाराच्या झटक्यातून बरा होऊन घरी परतणाऱ्या रुग्णाच्या हाती रुग्णालयातून औषधांची जी यादी दिली जाते, तीत रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणारी एक लहानशी गोळी बहुधा असतेच. पहिले काही आठवडे ती नेमाने घेतली जाते. पुढे केव्हा तरी मांड्या भरून येतात, पोटऱ्या दुखू लागतात, जिना चढताना थकवा जाणवतो. शेजारी सांगतो, ‘ती गोळीच बाधली असेल, बंद करून पाहा.’ औषधाच्या दुकानात कोणी एखादी ‘शक्तीची’ कॅप्सूल सुचवितो. रुग्ण मूळ गोळी सोडून देतो, नवी कॅप्सूल सुरू करतो आणि या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सांगावयाच्या राहून जातात. गोळी सोडल्यामुळे त्या दिवशी काहीच बिघडत नाही. बिघडते ते काही महिन्यांनी वा वर्षांनी, आणि तेव्हा त्या बिघाडाचा संबंध सोडून दिलेल्या गोळीशी जोडण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

खेड्यापाड्यांतून असा प्रसंग आला म्हणजे लोक शिक्षकाला, ग्रामसेवकाला किंवा पंचायतीच्या सदस्याला सल्ला विचारतात. औषध देणे वा बंद करणे हे त्यांचे काम नव्हे. परंतु विचारणाऱ्यास योग्य वाटेला लावणे त्यांना निश्चित शक्य आहे. त्यासाठी ही औषधे काय करतात, त्यांचे दुष्परिणाम खरोखर किती आहेत आणि त्यांवर उतारा म्हणून विकल्या जाणाऱ्या पूरक पोषकांचा उपयोग कितपत होतो, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

कोलेस्टेरॉल : गरज आणि धोका

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा स्निग्ध पदार्थ शरीराचा शत्रू नाही. प्रत्येक पेशीचे आवरण, कित्येक संप्रेरके, पित्तरस आणि ड जीवनसत्त्व यांच्या घडणीसाठी त्याची आवश्यकता असते. त्यामुळे शरीर केवळ अन्नातून मिळणाऱ्या कोलेस्टेरॉलवर विसंबून राहत नाही. मोठा भाग ते स्वतःच तयार करते आणि या कामात यकृताचा वाटा महत्त्वाचा असतो. हा पदार्थ पाण्यात विरघळत नसल्यामुळे रक्तातून त्याची ने-आण प्रथिनयुक्त कणांमार्फत होते. त्यांपैकी एलडीएल नावाचे कण रक्तात प्रमाणाबाहेर वाढले आणि दीर्घकाळ तसेच राहिले, म्हणजे रोहिण्यांच्या भिंतीत कोलेस्टेरॉलचा थर साचत जातो. हा थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरली, की हृदयाचा किंवा मेंदूचा रक्तपुरवठा एकाएकी तुटतो. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचे हे एक प्रमुख कारण होय.

रक्तातील एलडीएल उचलून घेण्यासाठी यकृताच्या पेशींवर विशिष्ट ग्राहक असतात. त्यांचा शोध लावणारे अमेरिकन शास्त्रज्ञ मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. यकृतात तयार होणारे कोलेस्टेरॉल कमी पडले, तर यकृत हे ग्राहक वाढविते आणि रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात ओढून घेते. पुढे जी औषधे आली, त्यांचा सारा आधार हाच आहे.

बुरशीतून लाभलेले औषध

जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनी १९७० नंतरच्या वर्षांत टोकियो येथे सुमारे ६,००० सूक्ष्मजीवांची तपासणी केली. इतर जीवांपासून बचाव करण्यासाठी एखादी बुरशी कोलेस्टेरॉलची घडण रोखणारे द्रव्य निर्माण करीत असावी, असा त्यांचा तर्क होता. १९७३ साली पेनिसिलियम सिट्रिनम या निळसर-हिरव्या बुरशीत त्यांना असे द्रव्य आढळले. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होताना जे एक विकर निर्णायक काम करते, त्याला हे द्रव्य अडविते. या शोधातूनच स्टॅटिन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या औषधांचा वर्ग उदयास आला. त्यांतील लोवास्टॅटिन या औषधाला १९८७ साली अमेरिकेत विक्रीची परवानगी मिळाली. आज भारतात ॲटोर्वास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन ही दोन औषधे प्रामुख्याने वापरली जातात.

कोलेस्टेरॉलचा आकडा खाली येतो, पण त्यामुळे माणसे वाचतात काय, हा प्रश्न त्यानंतरही काही वर्षे अनुत्तरित होता. त्याचे स्पष्ट उत्तर १९९४ साली स्कँडिनेव्हियन देशांतील एका पाहणीने दिले. हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांपैकी निम्म्यांना सिम्वास्टॅटिन आणि निम्म्यांना औषध नसलेली, परंतु तशीच दिसणारी गोळी देण्यात आली. सुमारे साडेपाच वर्षांत औषध न मिळालेल्या गटात २५६, तर औषध मिळालेल्या गटात १८२ मृत्यू झाले. त्यानंतरच्या अनेक पाहण्यांचा एकत्रित निष्कर्ष असा, की रक्तातील एलडीएल दर डेसिलिटरमागे सुमारे ३९ मिलिग्रॅमने कमी झाले, तर हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना सुमारे एकपंचमांशाने घटतात.

दुष्परिणाम : आहेत, पण किती?

परिणाम करणाऱ्या प्रत्येक औषधाला थोडेफार दुष्परिणाम असतातच. स्टॅटिनही त्याला अपवाद नाहीत. २०१६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात उपलब्ध पुराव्याचा सविस्तर आढावा प्रसिद्ध झाला. त्यातील हिशेब नफा-तोटा एका दृष्टिक्षेपात दाखवितो. हृदयविकार वा पक्षाघात आधीच होऊन गेलेल्या १०,००० व्यक्तींना परिणामकारक मात्रा पाच वर्षे दिली, तर सुमारे १,००० व्यक्तींना पुढील गंभीर घटनेपासून वाचविता येते. त्याच काळात त्या १०,००० व्यक्तींपैकी सुमारे पाच जणांना स्नायूंचा गंभीर विकार, ५० ते १०० जणांना नव्याने मधुमेह आणि पाच ते दहा जणांना मेंदूतील रक्तस्राव होण्याचा संभव असतो. ५० ते १०० जणांना गंभीर नसलेली, परंतु औषधामुळेच उद्भवलेली स्नायूदुखीसारखी लक्षणे जाणवू शकतात. मधुमेहाच्या बाबतीत असे दिसते, की ज्यांची रक्तशर्करा आधीच उंबरठ्यावर असते त्यांच्यातच तो बहुधा प्रकट होतो.

स्नायूंचा गंभीर विकार विरळा असला, तरी तो हलक्याने घेण्याजोगा नव्हे. त्यात स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडे निकामी होण्याची भीती असते. सेरिव्हास्टॅटिन हे या वर्गातील औषध अशाच घटनांमुळे २००१ साली बाजारातून मागे घेण्यात आले. जेमफायब्रोझिल या दुसऱ्या औषधाबरोबर ते घेतलेल्या रुग्णांत धोका विशेष आढळला होता. आज वापरात असलेल्या स्टॅटिनांचा धोका त्याहून पुष्कळ कमी आहे. तथापि दोन औषधे एकमेकांना भिडली, म्हणजे निरुपद्रवी मात्राही जड ठरू शकते, हा धडा कायमचा आहे. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके, इट्राकोनॅझोल हे बुरशीनाशक आणि प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे सायक्लोस्पोरिन ही औषधे काही स्टॅटिनांचे रक्तातील प्रमाण वाढवितात. ग्रेपफ्रूट या फळाचा रस मोठ्या प्रमाणात घेतल्यास सिम्वास्टॅटिन व ॲटोर्वास्टॅटिन यांच्या बाबतीत तसाच परिणाम होतो. त्याच कुळातील पपनसातही तशी द्रव्ये आढळतात.

यकृताची चाचणी वरचेवर करावी लागते, असा जुना समज होता. यकृताला गंभीर इजा होण्याचे प्रमाण अत्यल्प असल्याने औषध सुरू करण्यापूर्वी एकदा तपासणी करावी आणि पुढे लक्षणे दिसल्यास पुन्हा करावी, असा बदल अमेरिकेच्या औषध नियंत्रण यंत्रणेने २०१२ साली केला.

दुखणे खरे, कारण वेगळे

दहा हजारांत शंभराहून अधिकांना अंगदुखीचा त्रास औषधामुळे होत नसेल, तर प्रत्यक्षात इतके रुग्ण तक्रार का करतात? या प्रश्नाचा उलगडा दोन पाहण्यांनी केला आहे.

पहिल्या अभ्यासात सुमारे १,२४,००० व्यक्तींचा समावेश असलेल्या १९ चाचण्यांची माहिती एकत्र करून २०२२ साली प्रसिद्ध करण्यात आली. स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्के लोकांनी स्नायूंच्या दुखण्याची वा अशक्तपणाची तक्रार केली. आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्के लोकांनीही तीच तक्रार केली. याचा अर्थ असा, की स्टॅटिन घेणाऱ्याचे अंग दुखत असेल, तर १०० पैकी ९० हून अधिक प्रसंगी त्याचे कारण स्टॅटिन नसते. जो थोडा अधिक त्रास औषधामुळे होतो, तो मुख्यतः पहिल्या वर्षातच जाणवतो.

दुसरी पाहणी लंडनमध्ये झाली आणि तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. तिच्यासाठी निवडलेल्या ६० जणांनी पूर्वी त्रासामुळे स्टॅटिन सोडून दिले होते. प्रत्येकाला बारा महिन्यांसाठी बारा बाटल्या देण्यात आल्या. चार बाटल्यांत स्टॅटिन, चारांत औषध नसलेल्या हुबेहूब तशाच गोळ्या होत्या आणि चार बाटल्या रिकाम्या होत्या. कोणत्या महिन्यात कोणती गोळी पोटात जात आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. आपला त्रास शून्य ते शंभर या मोजपट्टीवर त्यांनी रोज नोंदविला. गोळी नसलेल्या महिन्यांत त्रासाची सरासरी ८.०, औषधविरहित गोळीच्या महिन्यांत १५.४ आणि स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३ इतकी भरली. गोळी घेतल्यावर जो त्रास वाढला, त्यातील नव्वद टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीनेही झाला! स्वतःच्या नोंदी पाहिल्यानंतर निम्म्या व्यक्तींनी स्टॅटिन पुन्हा सुरू केले.

यावरून ‘रुग्णाचे दुखणे काल्पनिक आहे’ असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. वेदना खरीच असते. अपाय होणार या धास्तीने शरीर अधिक वेदना अनुभवते, ही वैद्यकशास्त्राला परिचित असलेली गोष्ट आहे. शिवाय ज्या वयात ही औषधे सुरू होतात, त्या वयात अंग दुखण्याची इतर कारणेही पुष्कळ असतात. सांध्यांची झीज, मधुमेहातील चेतातंतूंचे विकार, ड जीवनसत्त्वाची उणीव, बरेच दिवस विश्रांतीनंतर एकदम केलेले लावणीचे वा तोडणीचे काम, ही त्यांतील काही होत. अवटू ग्रंथीचे, म्हणजे थायरॉइडचे कार्य मंदावल्यास कोलेस्टेरॉल वाढते आणि स्नायूही दुखतात. अशा रुग्णाला मूळ विकाराचे निदान न होता केवळ स्टॅटिन दिले गेले, तर दुखणे वाढते आणि दोष मात्र गोळीवर येतो.

क्यू-१० : तर्क चांगला, पुरावा तोकडा

स्टॅटिनमुळे होणाऱ्या अंगदुखीवर सर्वाधिक विकले जाणारे पूरक द्रव्य म्हणजे कोएन्झाइम क्यू-१० होय. १९५७ साली अमेरिकेत गाईगुरांच्या हृदयाच्या पेशींतून ते प्रथम वेगळे करण्यात आले. पेशींत ऊर्जा निर्माण होण्यासाठी ते आवश्यक असते. शरीरात कोलेस्टेरॉल आणि क्यू-१० यांची घडण काही अंतरापर्यंत एकाच मार्गाने होते. म्हणून तो मार्ग स्टॅटिनने अडविला, की रक्तातील क्यू-१० देखील घटते. तेव्हा ते बाहेरून पुरवावे, म्हणजे स्नायूंना बळ येईल, असा हा तर्क आहे.

तर्क सुसंगत असला, तरी तेवढ्याने औषध सिद्ध होत नाही. क्यू-१० हे रक्तात एलडीएल कणांबरोबरच प्रवास करते. ते कण कमी झाल्याने रक्तातील त्याचे प्रमाणही कमी दिसते. स्नायूंतील साठा तसाच घटतो असे खात्रीने आढळलेले नाही. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, स्टॅटिनमुळे स्नायू दुखतात असे सांगणाऱ्या १२० रुग्णांची आधी गुप्तपणे परीक्षा घेण्यात आली. त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश रुग्णांतच दुखणे खरोखर औषधाशी निगडित असल्याचे दिसले. या रुग्णांना रोज ६०० मिलिग्रॅम क्यू-१० देऊनही दुखणे कमी झाले नाही. इतर लहान चाचण्यांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१८ साली दिलेल्या मार्गदर्शनात स्टॅटिनबरोबर क्यू-१० नेहमीसाठी देऊ नये असे म्हटले आहे.

क्यू-१० सामान्यतः अपायकारक नाही. परंतु रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफॅरिनचा परिणाम ते कमी करू शकते. हृदयाची झडप बदललेल्या रुग्णाच्या बाबतीत ही गोष्ट गंभीर ठरते. दुसरा तोटा खर्चाचा. जन औषधी केंद्रात स्टॅटिन स्वस्तात मिळते; पूरक कॅप्सूल बहुधा त्याहून कितीतरी महाग असते. हाती पैसा बेताचा असला, की महाग गोळी चालू राहते आणि स्वस्त परंतु उपयुक्त गोळी बंद पडते.

ड जीवनसत्त्व आणि नायसिन

ड जीवनसत्त्वाची खरी उणीव असेल, तर हाडे व स्नायू दुखतात आणि ती उणीव भरून काढलीच पाहिजे. परंतु उणीव नसताना ते जीवनसत्त्व स्टॅटिनच्या अंगदुखीवर उतारा ठरते काय? अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीच्या काळात स्टॅटिन सुरू केलेल्या २,०८३ व्यक्तींची माहिती २०२२ साली प्रसिद्ध झाली. रोज २,००० एकक ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत स्नायूंच्या तक्रारींचे प्रमाण सारखेच, म्हणजे ३१ टक्के होते.

ब-गटातील नायसिन हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत दिल्यास कोलेस्टेरॉलचे आकडे सुधारतात, म्हणून ते बरीच वर्षे वापरात होते. २५,६७३ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा स्टॅटिनच्या जोडीला त्याने झटके टळत नाहीत. उलट मधुमेह, रक्तस्राव, जंतुसंसर्ग व स्नायूंचे त्रास वाढतात असे दिसून आले. आकडा सुधारणे आणि रुग्ण वाचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

‘नैसर्गिक’ म्हणून निर्धास्त?

स्टॅटिनची भीती वाटणारे अनेक जण ‘नैसर्गिक’ पर्यायाकडे वळतात. लाल यीस्टचा तांदूळ हे त्याचे बोलके उदाहरण आहे. मोनॅस्कस नावाच्या बुरशीने आंबविलेला हा तांदूळ चीनमध्ये शतकानुशतके अन्नात व औषधात वापरला जातो. त्यातील मोनॅकोलिन-के हे द्रव्य म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोवास्टॅटिनच होय! म्हणजे जो रुग्ण स्टॅटिन टाळण्यासाठी ही गोळी घेतो, तो मात्रेचा ठाव नसलेले स्टॅटिनच घेत असतो. आणि जो दोन्ही घेतो, त्याची मात्रा नकळत वाढते. युरोपीय संघाने २०२२ साली अशा उत्पादनांतील मोनॅकोलिनचे दैनिक प्रमाण तीन मिलिग्रॅमच्या आत राखण्याचे बंधन घातले. आंबविताना नको ती बुरशी शिरली, तर मूत्रपिंडांना घातक द्रव्ये तयार होतात. मार्च २०२४ मध्ये जपानमध्ये लाल यीस्टच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांत मूत्रपिंडाचे विकार आढळले, त्या गोळ्या बाजारातून परत मागविण्यात आल्या आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले.

लसूण, हळद आणि दालचिनी ही आपल्या स्वयंपाकघरातील नित्याची द्रव्ये आहेत. त्यांच्या अर्काच्या गोळ्या कोलेस्टेरॉलवर विकल्या जातात. २०२२ साली अमेरिकेतील एका चाचणीत सुमारे २०० व्यक्तींचे आठ गट करून २८ दिवस तुलना करण्यात आली. रोसुवास्टॅटिनच्या पाच मिलिग्रॅम या लहान मात्रेने एलडीएल सुमारे ३८ टक्के घटले. लसूण, हळद, दालचिनी, माशांचे तेल, वनस्पतिजन्य स्टेरॉल व लाल यीस्टचा तांदूळ यांच्या बाजारी गोळ्यांपैकी एकीनेही औषधविरहित गोळीपेक्षा लक्षणीय अधिक घट झाली नाही. भाजीतील हळद वा फोडणीतील लसूण यांना यामुळे काही बाध येत नाही. हळदीच्या तीव्र अर्काच्या गोळ्यांनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मात्र अनेक देशांत झालेल्या आहेत.

गुग्गुळाचा उल्लेख येथे आवश्यक आहे. आयुर्वेदातील मेदोरोगाच्या वर्णनावरून प्रेरणा घेऊन बनारस हिंदू विश्वविद्यालयात १९६६ साली त्यावर संशोधन झाले आणि पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने त्याचा अर्क विकसित केला. भारतीय संशोधनाचा हा गौरवास्पद अध्याय होय. तथापि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, १०३ व्यक्तींवरील अमेरिकन चाचणीत गुग्गुळाच्या अर्काने एलडीएल घटण्याऐवजी किंचित वाढल्याचे आणि काहींच्या अंगावर पुरळ उठल्याचे दिसले. म्हणून झटका येऊन गेलेल्या रुग्णाने स्टॅटिनच्या जागी गुग्गुळ घेणे सुरक्षित मानता येत नाही. वैद्यांकडून असे औषध घेत असल्यास ते डॉक्टरांस, आणि डॉक्टरांचे औषध वैद्यांस सांगणे हिताचे आहे.

आहारातील एका पूरक द्रव्याचा उपयोग मात्र सिद्ध आहे, ते म्हणजे इसबगोल. त्यातील विद्राव्य तंतूमुळे एलडीएल अल्प प्रमाणात, साधारण पाच ते दहा टक्के घटते. ते भरपूर पाण्याबरोबर आणि इतर औषधांपासून काही तासांच्या अंतराने घ्यावे. स्टॅटिनला ते जोड ठरते, पर्याय नव्हे.

कायदा काय सांगतो?

स्टॅटिन हे अनुसूची ‘एच’ मधील औषध आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्याची विक्री करता येत नाही. पूरक पोषके मात्र कायद्याच्या दृष्टीने अन्नात मोडतात. त्यांचे नियमन भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण करते. २०१६ सालच्या विनियमांनुसार अशा उत्पादनाच्या वेष्टनावर ते ‘आरोग्यपूरक’ असल्याचा आणि औषधी वापरासाठी नसल्याचा उल्लेख असावा लागतो. ही इंग्रजीतील बारीक ओळ ग्राहकाने शोधून वाचावी. जी वस्तू स्वतःच औषध नसल्याचे सांगते, तिच्यासाठी डॉक्टरांनी दिलेले औषध सोडणे कितपत शहाणपणाचे, याचा विचार तेथेच होतो. हृदयविकार बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधी जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमान्वये मनाई आहे.

त्रास झाल्यास काय करावे?

स्टॅटिनमुळे होणारे दुखणे सामान्यतः शरीराच्या दोन्ही बाजूंना, मांड्या, नितंब, पोटऱ्या, खांदे अशा मोठ्या स्नायूंत जाणवते. आणि औषध सुरू केल्यावर वा मात्रा वाढविल्यावर काही आठवड्यांत सुरू होते. एकाच गुडघ्यातील दुखणे किंवा बोटांतील मुंग्या यांचे कारण बहुधा अन्य असते. दुखणे सुरू झाले म्हणजे गोळी परस्पर न सोडता डॉक्टरांची भेट घ्यावी. घरात घेतल्या जाणाऱ्या सर्व गोळ्या, पुड्या, काढे व कॅप्सूल एका पिशवीत घालून बरोबर न्याव्यात. क्रिएटीन कायनेज ही स्नायूंची, तसेच थायरॉइडची व गरजेनुसार ड जीवनसत्त्वाची तपासणी डॉक्टर सांगतील.

एक अपवाद लक्षात ठेवावयाचा आहे. स्नायूंत तीव्र वेदना, उकिडवे बसल्यावर उठता न येणे, हात वर नेण्याचे बळ नसणे किंवा काळ्या चहाच्या रंगाची लघवी, यांपैकी काही आढळल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. डोळे पिवळे होणे हेही तातडीच्या तपासणीचे लक्षण आहे. गर्भधारणेचा विचार असलेल्या किंवा गर्भवती स्त्रीने आपण स्टॅटिन घेत असल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगावे.

दुखणे औषधामुळेच आहे असे ठरले, तरी मार्ग खुंटत नाही. डॉक्टर काही आठवडे औषध थांबवून पुन्हा सुरू करून पाहतात, मात्रा कमी करतात, दुसरे स्टॅटिन देतात किंवा दिवसाआड गोळी देतात. एक स्टॅटिन न सोसलेल्या बहुतेकांना दुसरे किंवा कमी मात्रा सोसते. आतड्यातून कोलेस्टेरॉलचे शोषण रोखणारे एझेटिमाइब जोडीला देता येते. यकृतात कार्यक्षम होणारे, परंतु स्नायूंत न होणारे बेम्पेडॉइक आम्ल हेही उपलब्ध आहे. स्टॅटिन न सोसणाऱ्या सुमारे १४,००० रुग्णांच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने हृदयविकाराच्या गंभीर घटना १३ टक्क्यांनी घटविल्या. ही पूरक पोषके नव्हेत. कसोटीला उतरलेली औषधे आहेत.

आपला आकडा किती असावा, हेही रुग्णाने विचारून घ्यावे. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार सर्वसाधारण व्यक्तीचे एलडीएल दर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत, अधिक जोखमीच्या व्यक्तीचे ७० च्या आत आणि झटका येऊन गेलेल्यांसारख्या अत्यंत जोखमीच्या रुग्णाचे ५५ च्या आत असावे. आकडा खाली आला म्हणजे आजार संपला असे नव्हे; गोळी चालू आहे म्हणून तो खाली आहे.

गावपातळीवरील कर्तव्य

औषधाचा दुष्परिणाम कळविणे हा रुग्णाचाही अधिकार आहे. भारतीय औषध दक्षता कार्यक्रम २०१० साली सुरू झाला असून त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर रुग्ण, नातेवाईक वा आरोग्य कर्मचारी दुष्परिणाम नोंदवू शकतो. दुष्परिणाम कळविला गेला, तरच त्याची मोजदाद होते. केवळ पारावरील बोलण्याने भीती तेवढी पसरते.

ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीच्या बैठकीत किंवा ग्रामसभेत वैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलावून या विषयावर अर्धा तास चर्चा घडवून आणणे अवघड नाही. झटका वा पक्षाघात होऊन गेलेल्या गावातील व्यक्तींची गोळी चालू आहे काय, याची विचारपूस आशा कार्यकर्तीला गृहभेटीत करता येईल. शिक्षकांना शाळेतील मुलांकडून घरातील औषधाच्या व पूरक गोळीच्या वेष्टनावरील मजकूर वाचवून घेता येईल. पुष्कळ घरांत तो वाचणारे शाळेत जाणारे मूलच असते.

‘गोळी बाधते, सोडून देऊ का?’ असे कोणी विचारले, तर ‘दुखणे अंगावर काढू नका, पण गोळीही आपल्या मनाने सोडू नका, सगळी औषधे घेऊन डॉक्टरांकडे चला’ एवढेच उत्तर पुरेसे आहे. हे उत्तर देण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही, आणि वेळेवर मिळाले, तर ते एखाद्या घरातील कर्त्या माणसाचा प्राण वाचवू शकते.